खडीवरचा दौलत

दौलतला कुठलाही रस्ता दिसला की तो थांबून विचारायचा, "ह्यो रस्ता कुटं जातो?" गावाचं नाव सांगितलं तरी त्याचं समाधान होत नसे. "आन् तितनं फुडं?" बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पाथर्डीकडच्या माळावर पुढं काही नव्हतंच. लोक वैतागून म्हणायचे, "जातो मसनात."

त्याचं खरं नाव डोनल. गावाच्या तोंडात ते बसेना, म्हणून तो दौलत झाला. विहिरी खोदायला आलेल्या एका परदेशी संस्थेबरोबर तो आयर्लंडहून आला होता. त्याला कुणी इंग्रज म्हटलं की मात्र त्याचं डोकं फिरायचं. तिकडे तो स्वतः गाणी रचून गात असे आणि त्यांत जमीनदारापासून पाद्र्यापर्यंत कुणालाही सोडत नसे. "समदे चिडले. आईबी चिडली," असं हसत सांगायचा. गिटारीची एक तार तुटलेली होती, तरी तिच्यावाचून त्याचं पान हलत नसे.

मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणे, सरकारी दुष्काळी कामावर रस्त्यासाठी खडी फोडायच्या. खोदाईचं यंत्र बंद पडलं की दौलत त्या बायकांत जाऊन बसायचा आणि हातोड्यांच्या ठेक्यावर शब्द जुळवायचा. मराठी तो तिथेच शिकला. मी एकदा त्याच्या गाण्यातली भाषा शुद्ध करून द्यायला गेले, तर म्हणाला, "बाई, तुमचं मराठी इस्त्रीचं हाय. मला घामाचं पायजे." मला रागच आला. आत्याबाई मात्र तोंडाला पदर लावून हसल्या. सुनेची कुणी खोड मोडली की त्यांचा दिवस बरा जायचा.

रस्त्यांचं वेड त्याला का, ते त्याने आत्याबाईंनाच सांगितलं. त्याच्या पणजोबांच्या काळी तिकडे बटाटा कुजला, माणसं उपाशी मेली, आणि सरकारने उरलेल्यांना रस्त्याच्या कामावर लावलं. त्यातला एक रस्ता अजून आहे. टेकडी चढतो आणि मध्येच थांबतो. "पनजा त्यावर खपला. त्यो रस्ता कुटंच जात न्हाई," दौलत म्हणाला. त्या दिवसापासून आत्याबाई त्याच्यासाठी अर्धी भाकरी फडक्यात बांधून नेऊ लागल्या.

आत्याबाईंना भाऊ नव्हता. ओवीत भावाचं नाव गुंफायचं ही बायकांची हौस. जिला भाऊ नाही ती देवालाच भाऊ करते. आत्याबाई भैरोबाचं नाव घ्यायच्या. दौलतने भाबडेपणाने विचारलं, "भैरोबा यीतो का भाऊबिजेला?" बाकीच्या बायकांचे हातोडे थांबले. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "यीत न्हाई. म्हनून तर रुसतबी न्हाई."

उन्हाळ्यात नगरहून एक मोठे साहेब काम बघायला येणार असं ठरलं. दौलतसारखा परदेशी पाहुणा मराठीत स्वागतगीत म्हणणार, म्हणून कामावरचे अधिकारी खूश होते. ते गीत मीच बसवलं होतं. पण साहेबांच्या अंगावर धूळ उडू नये, म्हणून आदल्या दिवशी पिण्याच्या पाण्याचा टँकर रस्त्यावर रिकामा केला गेला. बायका घागरी घेऊन बघत राहिल्या. दौलतचा चेहरा पाहून मी ओळखलं, आता हा गप्प बसत नाही. मी त्याला विनवलं की काही वेडंवाकडं गाशील तर तुला घालवून देतील. तो म्हणाला, "बाई, गानं गिळलं तर घसा दुखतो."

दुसऱ्या दिवशी मंडपात हारतुरे झाले आणि दौलतने गिटार छेडली. माझं स्वागतगीत राहिलं बाजूला.

"रस्ता प्याला घोटघोट, पोर कोरड्या घशाचं;
धूळ बसली खाली, कल्यान झालं देशाचं."

अधिकारी एकमेकांकडे बघू लागले. मग मागून ठण् असा आवाज आला. आत्याबाईंनी हातोडा दगडावर मारून ठेका धरला होता. बघता बघता सगळ्या बायकांचे हातोडे वाजू लागले. साहेबांनी गाणं पुरतं ऐकलं आणि अधिकाऱ्यांना एवढंच विचारलं, "खरंय का हे?" त्या संध्याकाळी टँकर आला आणि पुढे रोज आधी बायकांकडे येऊ लागला. अधिकाऱ्यांनी राग काढला तो दौलतवर. त्याला परत न्या, नाहीतर विहिरींचं काम बंद, असं त्यांनी संस्थेला बजावलं. विहिरी थांबू नयेत म्हणून तो मुकाट्याने निघाला. मला फार वाईट वाटलं, आणि त्याचा तितकाच अभिमानही वाटला.

त्याला न्यायला जीप आली. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायची आपली रीत. पण दही आणायचं कुठून? आत्याबाईंनी कामावर खायला मिळालेली चिमूटभर गोड सुकडी त्याच्या तळव्यावर ठेवली. सुकडी तोंडात टाकून त्याने अर्धवट रस्त्याकडे बोट केलं. "आक्का, ह्यो रस्ता कुटं जातो?"

आत्याबाई मागे वळल्या. खडीच्या ढिगाशी जाऊन बसल्या, हातोडा उचलला आणि जीप सुरू व्हायच्या आत खड्या आवाजात म्हणाल्या:

"सये सांगते तुला, सख्खा भाऊ न्हाई कोनी;
दौलत बंधू माझा, त्यानं पाजिलं गं पानी."

पुढे त्याचं पत्र नाही, काही नाही. तो रस्ता तेवढा पावसाळ्यानंतर पुरा झाला आणि पार तालुक्याला जाऊन मिळाला. आत्याबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. भैरोबा रुसला असला तर असो, पण ओवीतलं दौलतचं नाव त्यांनी मरेपर्यंत बदललं नाही.