गांगुर्डेंच्या घरी मॉनिटर नव्हता

"मॉनिटर आतल्या खोलीत आहे का?" मी विचारलं.

"मॉनिटर नाही," विलास गांगुर्डे म्हणाले. "लागत नाही मला."

टेबलावर कॅबिनेट होतं, कीबोर्ड होता, दोन स्पीकर होते. माउससुद्धा नव्हता. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी खुर्ची हाताने चाचपून माझ्याकडे सरकवली आणि मग माझ्या लक्षात आलं. गांगुर्डेंना दिसत नाही. फोनवर ते एवढंच म्हणाले होते, की कॉम्प्युटर जुना आहे, स्लो झालाय, प्रोसेसर बदलून हवाय. मदरबोर्डचा मॉडेल नंबर विचारला तर तो त्यांनी एकही अक्षर न चुकता सांगितला होता. नंतर कळलं, कॉम्प्युटरनेच तो त्यांना वाचून दाखवला होता.

माझं सातपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पुष्कळ वर्षं झाली, पण असं मशीन मी पहिल्यांदाच बघत होते.

"काय त्रास होतो ते दाखवता?" मी म्हटलं.

त्यांनी एक बटण दाबलं आणि स्पीकरमधून आवाज सुरू झाला. पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा. मला एक शब्द कळला असेल तर शपथ.

"हे मराठी आहे?"

"मराठीच आहे ताई. जरा भरभर आहे."

याला स्क्रीन रीडर म्हणतात. स्क्रीनवर जे असेल ते हे सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. आपण टाइप केलेलं प्रत्येक अक्षरही ते बोलतं. गांगुर्डे अंबडच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. तिथला फोन जोडायचा बोर्ड ऑटोमॅटिक झाला, नोकरी गेली. मग ते टायपिंग शिकले आणि लोकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून देऊ लागले. आता पुण्यातल्या एका ऑफिसने मोठ्या मीटिंगांचं काम द्यायची तयारी दाखवली होती. सोमवारी त्यांची टेस्ट होती. तिकडून रेकॉर्डिंग लावणार, इकडे यांनी ऐकता ऐकता टाइप करायचं. आणि त्या दिवशी शनिवार होता.

"नुसतं टाइप केलं तर ठीक चालतं," ते म्हणाले. "पण रेकॉर्डिंग लावलं की अक्षराचा आवाज मागून येतो. काठी आत्ता टेकवली आणि टक् ऐकू आलं चार पावलं गेल्यावर, तर माणूस चालणार कसा?"

"आधी कुणाला दाखवलं होतं?"

"दोघांना. दोघं दुकानात नेऊन, मॉनिटर लावून बघून म्हणाले, मशीन छान चालतंय."

नवीन कॉम्प्युटर त्यांना नको होता. या मशीनमधला आवाज, शॉर्टकट, सगळं त्यांनी आपल्या बोटांना बसवलेलं होतं. सोमवारच्या आत ते दुसरीकडे बसवणं जमलं नसतं.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधला राबणारा. यांच्याकडे दोन कोअरचा होता, म्हणजे दोन हातांचा. मी आणला होता तो चार कोअरचा. वापरलेलाच, पण त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या त्याच खाचेत बसणारा. जुन्या मशीनला नवा प्रोसेसर कुठलाही चालत नाही. त्याच पिढीतला शोधावा लागतो.

मी काम सुरू केलं. फॅन काढला. प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या धातूच्या ठोकळ्यामध्ये उष्णता ओढून घेणारी पेस्ट असते. ती वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसली, जुना प्रोसेसर काढला, कोपऱ्यातल्या त्रिकोणाची खूण जुळवून नवा ठेवला. इथे जोर लावायचा नसतो. खाली केसांसारख्या पिना असतात, एक वाकली तरी बोर्ड गेला. गांगुर्डे शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते. मधून मधून विचारत होते, "आता काय केलंत?" मी सांगत होते.

नवी पेस्ट लावून, फॅन बसवून बटण दाबलं. फॅन फिरला. आणि मग काहीच नाही. आम्ही थांबून राहिलो.

"बोलत नाहीये," गांगुर्डे म्हणाले.

मी रॅम काढून परत बसवली. केबल तपासल्या. एंटर दाबून पाहिलं. फॅन मजेत फिरत होता आणि स्पीकर गप्प होते. त्यांचा स्क्रीन रीडर विंडोज सुरू झाल्यावरच बोलतो. त्याच्या आधी कॉम्प्युटर जे काही म्हणतो ते फक्त स्क्रीनवर येतं, आणि स्क्रीन नव्हता. माझा मॉनिटर सातपूरला दुकानात होता.

"जुना परत बसवता येईल ना?" त्यांच्या बायकोने, मंगलताईंनी, हळूच विचारलं.

"येईल. पण मग सोमवारचं काय?"

मंगलताईंनी समोरच्या दाराकडे बघितलं. मग एकदम म्हणाल्या, "सलीमभाईंकडे मोठा टीव्ही आहे. चालतो का?"

सलीमभाई समोरच्या दारात राहणारे टेलर. ते आले, कॅबिनेटकडे बघितलं आणि म्हणाले, "टीव्ही भिंतीत ठोकलाय. मशीनच घेऊन या की इकडे."

म्हणून आमची वरात निघाली. पुढे मी कॅबिनेट पोटाशी धरून, मागे कीबोर्ड काखोटीला मारलेले गांगुर्डे, त्यांच्या मागे वायरी घेतलेल्या मंगलताई. सलीमभाईंच्या घरात त्यांची आई हलीमाबी आणि बायको सिरियल बघत बसल्या होत्या. ती बंद करून मी केबल जोडली. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली.

"ये क्या लगाया?" हलीमाबींनी विचारलं. "काय लिहिलंय?"

मी वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. "आत नवा पाहुणा आलाय म्हणतोय. घरात घेऊ का, असं विचारतोय. घ्यायचा असेल तर एफ-वन दाबा."

काही बोर्ड प्रोसेसर बदलला की असे एकदा अडून बसतात. बिघाड काहीच नव्हता.

"सरका, मी दाबतो," गांगुर्डे म्हणाले. त्यांचं बोट बरोबर एफ-वनवर गेलं. पुढचं सेटिंग मी सेव्ह केलं. विंडोज उघडलं आणि ती ज्वारी टीव्हीच्या स्पीकरमधून इतक्या जोरात ओतली गेली, की सलीमभाईंची बायको उठून उभीच राहिली. गांगुर्डे मात्र खुर्चीत बसून मोठ्याने हसत होते.

"बोललं," ते म्हणाले.

त्यांनी एक रेकॉर्डिंग लावलं आणि टाइप करायला लागले. आवाज कुठेही अडकला नाही. बोट आणि अक्षर बरोबर चालत होतं. पडद्यावर मराठी ओळी झरझर उमटायला लागल्या, वितीएवढ्या अक्षरांत. सलीमभाई बघतच राहिले.

"विलासभाऊ, तुम्ही हे काम करता? आम्हाला वाटायचं तुमचा रेडिओ बिघडलाय."

शेजारी राहून एवढ्या वर्षांत त्यांनी हे पाहिलं नव्हतं. आवाज ऐकू जायचा, पण अक्षरं कुणाला दिसणार? मंगलताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनीही ती पहिल्यांदाच बघितली. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "चूक नाही हो एक पण."

हलीमाबी पुढे सरकल्या. "मेरा नाम लिख. हलीमाबी, माहेर देवळा."

गांगुर्डेंनी लिहिलं. सुनेने वाचून दाखवलं. हलीमाबी बराच वेळ त्या ओळीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "राहू दे थोडा वेळ. सिरियल रोजचीच आहे."

चहा झाला, मग शिरखुर्मा झाला. ईद नव्हती, तरी झाला.

सोमवारी दुपारी गांगुर्डेंचा फोन आला.

"घेतलं ताई त्यांनी. या आठवड्यापासून काम सुरू."

"आणि मशीन?"

"आवाजाचा स्पीड अजून वाढवलाय. आधी ते दमायचं, आता मी दमतो."

मशीन छान चालतंय म्हणणारे ते आधीचे दोघं खोटं बोलत नव्हते. बघणाऱ्यासाठी ते छानच चालत होतं. आता कुणी 'स्लो झालंय' म्हणून तक्रार केली, की मी लगेच स्क्रू ड्रायव्हर काढत नाही. खुर्ची ओढून बसते आणि म्हणते, आधी तुमचं काम करून दाखवा.