मूर्तिजापूर ते अकोला, फुग्यातून

साहसी खेळांच्या पथकात माझी बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो. चांदूर बाजारात आमचा भाजीपाल्याचा मळा. घरी कळवलं तेव्हा वडील म्हणाले, "फौजेत खेळ काहून?" मी सांगितलं, जवानाची भीती मोडायला. ते एवढंच म्हणाले, "बरं."

पुढची काही वर्षं त्यातच गेली. काश्मीरमध्ये स्कीइंग केलं. विमानातून उड्या मारल्या. शांतिसेनेच्या ड्यूटीवर आफ्रिकेत होतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी नाईलच्या धारेत राफ्ट घातली आणि दोनदा उलटलो. तुर्कस्तानात गरम हवेचे फुगे उडवायला शिकलो. पहाटेच्या थंडीत दऱ्यांवरून शंभर फुगे एकदम वर निघतात, ते पाहिलं. आज गुडघे कुरकुरतात, खांदा वर होत नाही. सव्वीस जानेवारीला शाळांतून बोलावणं येतं. "सुभेदार साहेब, थरारक काहीतरी सांगा." मी नाईलचं सांगतो. मुलं टाळ्या वाजवतात. फुग्याचं विचारलं की पाणी मागतो.

आता लिहून ठेवतो. तोंडाने सांगायला दम पुरत नाही.

तुर्कस्तानातून परतलो त्या हिवाळ्यात आमच्या पथकाची फुग्याची मोहीम वऱ्हाडातून जाणार होती. अमरावतीहून निघायचं, टप्प्याटप्प्याने मूर्तिजापूर, मग अकोला. फुगा पायलटच्या मर्जीने वळत नाही. वारा नेईल तिकडे जातो. पायलट फक्त खाली-वर करतो. म्हणून जमिनीवरची टीम जीप घेऊन फुग्याच्या मागे धावते, उतरताना वरून टाकलेला दोर धरते आणि फुगा थांबवते. या टीमचा प्रमुख होता नायक शफीक शेख. तो मूर्तिजापूरचाच. गाद्या भरणाऱ्यांच्या घरातला. ड्यूटीवर मला उस्ताद म्हणायचा, चहाच्या वेळी भाऊ.

दोर धरणाऱ्यांसाठी एकच नियम होता. पाय जमिनीवरून उठले की दोर सोडायचा. तत्क्षणी. फुगा दिसायला हलका, पण माणसाला उचलून नेतो आणि नंतर सोडायची सोय राहत नाही. नव्या जवानांना हा नियम शफीकच शिकवायचा. "पाय उठले की सोड. तुह्या बापाचा फुगा नाही तो."

मूर्तिजापूरचं उड्डाण शहराबाहेरच्या मैदानावरून होतं. शफीकच्या घरचे सगळे पाहायला आले होते. त्याची आई, बायको रेहाना, शेजारपाजारचे. आईने बास्केटला हात लावून पाहिला. "अरे, हे तं वेताचं टोपलं हाय. याच्यात बसून जाता तुमी?"

"मी नाही बसत अम्मी," शफीक हसला. "मी खालून फुग्याच्या मांगं पयतो."

फुगा सूर्योदयाला उडवायचा असतो. तेव्हा हवा स्थिर असते. ऊन चढलं की जमीन तापते, वारा उठतो. आम्ही पावणेसातला तयार होतो. पण हिरवी झेंडी दाखवायला पाहुणे यायचे होते. ते आले नऊ वाजता. तोवर फुगा दोनदा फुगवून दोनदा खाली बसवला होता. मग भाषणं झाली.

शफीकने वाऱ्याचा अंदाज घ्यायला एक छोटा काळा फुगा सोडला. तो सरळ वर न जाता तिरका पळाला. शफीक माझ्याजवळ आला.

"उस्ताद, वारा उठून राहिला. आज नको."

मी मेजर साहेबांना सांगितलं. ते आमचे टीम लीडर आणि पायलट. त्यांनी काळ्या फुग्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे. रांगेने बसलेल्या शाळा, स्टेज, कॅमेरे. "शॉर्ट फ्लाईट," ते म्हणाले. "पहिलं मोकळं शेत दिसलं की उतरू." मेजर साहेब आजही कुणाशी त्यावर बोलत नाहीत.

बास्केटमध्ये तिघं होतो. मेजर साहेब, मी आणि वानखडे मॅडम. मॅडम तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवायच्या, एनसीसीही बघायच्या. स्थानिक प्रतिनिधी म्हणून त्यांना घेतलं होतं.

वर गेल्यावर पहिली काही मिनिटं फार छान होती. खाली काळी जमीन, कापसाची पांढरी शेतं, कापलेल्या तुरीचे ढीग, रेल्वेचे रूळ. मॅडम सारखं बोट दाखवत होत्या. मग वेग वाढला. रस्त्यावरची जीप मागे पडायला लागली. मेजर साहेबांनी उतरायला घेतलं.

पुढे उच्च दाबाच्या तारा दिसल्या.

मी रेडिओ घेतला. "ग्राउंड, धिस इज बलून. पुढे हाय टेन्शन लाईन. त्याच्या अलीकडे हरभऱ्याचं शेत, तिथे उतरतो. ओव्हर."

"पाहिलं उस्ताद. जीप शेतात घालतो. ओव्हर."

तारांवरून पुन्हा वर जायला गॅस पुरेल याची खात्री नव्हती. मेजर साहेब म्हणाले, "इथेच." बर्नर बंद केला. शफीक आणि तीन जवान शेतात धावत पोचले. शफीकने तोंड वर करून दोन्ही हात हलवले, म्हणजे आम्ही तयार आहोत. मी दोर टाकला.

बास्केट जमिनीला आपटली. मेजर साहेबांनी फुग्यातली हवा सोडायची लाल दोरी ओढली. पण हवा निघायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. बास्केट उसळली. मॅडमचा हात सुटला. त्या कडेवर अर्ध्या बाहेर लटकल्या. चौघं जवान दोर धरून हरभऱ्यातून ओढले जात होते.

मग त्यांचे पाय उठले. तिघांनी दोर सोडला. नियमाप्रमाणे. त्यांनी बरोबर केलं.

शफीकने सोडला नाही.

मी वरून ओरडलो, "शफीक, सोड! सोड दोर!"

त्याने वर पाहिलं. "मॅडमले धरा!"

मी मॅडमचा पट्टा धरून त्यांना आत ओढलं. शफीकच्या वजनाने फुग्याचं वर चढणं थांबलं होतं. झोत ओसरला होता. तारा समोर होत्या, पण आम्ही जवळजवळ जागच्या जागी होतो आणि डोक्यावरचं कापड सैल पडत होतं. शफीक दुमजली घराएवढ्या उंचीवर लोंबकळत होता. मग दुसरा झोत आला. दोराला हिसका बसला. मी खाली पाहिलं तेव्हा दोराला कुणी नव्हतं.

तोवर बरीच हवा निघाली होती. फुगा तारांच्या अलीकडे बसला. बास्केट आडवी झाली. तिघांपैकी कुणाला फारसं लागलं नाही. शफीक शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पडला होता. अकोल्याला नेलं. वाटेतच गेला.

संध्याकाळी त्याच्या घरी मी गेलो. बाहेर मोहल्ला उभा होता. आईने मला विचारलं, "लढाई होती का रे बाबा तिथं?"

"नाही अम्मी."

"मंग काहून गेला?"



लढाईत गेलेल्यांची नावं असलेल्या दगडावर शफीकचं नाव नाही. कागदावर ते "प्रशिक्षणादरम्यान अपघात" असं आहे. गावात काही लोक म्हणतात, फुगा उडवताना गेला. मी दुरुस्त करायचो. आता थकलो.

महिनाभराने वानखडे मॅडम त्या घरी गेल्या. मी सोबत होतो. त्या दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्या बास्केटमधी मी होती." अम्मीने त्यांना जवळ बसवलं. त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. मग रेहानाला म्हणाल्या, "रोट्या टाक. बाई जेवून जाईन." मॅडम दर ईदला जातात अजून.

मीही जातो. अम्मीला आता नीट दिसत नाही, पण आवाजाने ओळखतात. गाद्यांचं दुकान रेहाना सांभाळते. चहा झाला की अम्मी म्हणतात, "सांग." मी सांगतो. मैदान, उशिरा आलेले पाहुणे, जीप शेतात कशी घातली, तो तीन जवानांना घेऊन हरभऱ्यातून कसा धावत आला. शफीकने हात हलवले इथपर्यंत आलो की अम्मी माझ्या मनगटावर हात ठेवतात.

"बस. इथलोकच."

मी थांबतो. तिथे शफीक जमिनीवर उभा असतो, तोंड वर करून, दोन्ही हात हलवत.