एका शिपायाचे डोळे

सीताबर्डीच्या लढाईतले बोटाच्या पेराएवढे खेळण्यातले शिपाई मी आणि माझा एक मित्र रंगवायचो. इंग्रजांची फौज माझी, भोसल्यांची त्याची. कंटाळा येऊ नये म्हणून आमचा नियम होता: दर रविवारी पाच-पाच शिपाई रंगवून मनीषनगरला माझ्या घरी टेबलावर मांडायचे आणि लढवायचे. त्याच्या शिपायांना डोळे कधीच नसायचे. मी वैतागायचो, "काहून गा, एवढा आळस?"

"डोळे काढले की मेलेल्याले पटावरून उचलवत नाही मले," तो म्हणायचा. मी त्याला भित्रा म्हणायचो.

गेल्या वर्षी धंतोलीच्या एका दवाखान्यात तो वारला. महिन्याभराने वहिनींनी त्याच्या फौजेचा डबा आणून दिला. तोवर माझ्याने ब्रश हातात धरवला नव्हता. हात पुन्हा वळावा म्हणून एका दुपारी मी त्यातल्या एका शिपायाला डोळे काढले. दोनच काळे ठिपके. दुसऱ्याला काढायची हिंमत झाली नाही.

डोळेवाल्याला मी भिंतीकडे तोंड करून ठेवतो. टेबल पुसताना बायको त्याला पुन्हा माझ्याकडे वळवते. खेळायला समोर कोणी उरलं नाही, त्यामुळे हा मरतही नाही.