कासवांची खोली

ताई धाकट्या भावाकडे राहायला आली तेव्हा तिच्यासोबत एक सुटकेस होती आणि भाजीच्या क्रेटमध्ये दोन कासवं, नर आणि मादी. मुलाने फ्लॅट विकला, परदेशी गेला आणि "मामाकडे तुझी सोय होईल," असं परस्पर ठरवून टाकलं. मामा, म्हणजे तिचा भाऊ, फोटोंना फ्रेम करून द्यायचा. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. गेलेल्या बायकोचं एक कासव त्याच्याकडेही होतं. त्याला तो 'साहेब' म्हणायचा.

पहिल्याच सकाळी ताईच्या नराने धडका देऊन देऊन साहेबांना उताणं पाडलं. भाऊ ताईवरच उखडला. "तुझं जनावर आवर आधी!"

"दोन नर एका जागेत नांदत नाहीत रे. मध्ये आडोसा कर."

हाताशी होती म्हणून भावाने काच लावली. झालं! दोघे दिवसभर काचेवर डोकी आपटत बसले. "एकमेकांची तोंडं दिसली की पेटतात," ताई म्हणाली. "फळी लाव." मादीचेही हाल होते. नराने चावून तिचे पाय सोलवटले होते. कोपऱ्यात तोंड खुपसून बसायची, पाल्याकडे बघायची नाही. तिलाही वेगळं ठेव, असं ताईने सांगितलं.

भाऊ हाताचा पक्का. त्याने मागची मोठी खोली रिकामी करून प्लायवूडचे तीन कप्पे ठोकले. प्रत्येकाला वेगळी ताटली, पाण्याची वेगळी परात, लपायला खोकं, वर उबेसाठी दिवा. मादी हळूहळू खायला लागली. गिऱ्हाइकांना आत नेऊन भाऊ कौतुकाने दाखवायचा, "बघा, कशी गुण्यागोविंदाने राहतात!"

ताईची कॉट दुकानात, फ्रेमच्या थप्प्यांमागे. शटर वर जायच्या आत तिला अंथरूण गुंडाळावं लागे. कपडे बदलायचे तर बाथरूममध्ये. सासरी तिने दीर-जावांच्या गर्दीत पडद्याआड संसार केला होता, नंतर मुलाच्या हॉलमध्ये झोपली. तरी एकदा धीर करून म्हणाली, "कप्पे जरा खिडकीकडे सरकवले तर माझी कॉट आत बसेल."

भाऊ हसला. "अगं, ती मुकी जनावरं. जागेवरून जीव घेतील एकमेकांचा. आपण माणसं, घेतो की जुळवून."

"आपण नाही," ताई म्हणाली. "मी घेते."

पुन्हा तिने विषय काढला नाही. गुपचूप एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीकडे राहून करायचं काम धरलं. भाऊ हादरला. "या वयात लोकांचं हगणं-मुतणं काढणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"तिथे खोली देतात."

"मग मी देतो ना! आजच कप्पे हलवतो."

"राहू दे आता," म्हणत तिने सुटकेस उचलली. तिथे जनावरं चालणार नव्हती. जाताना मादीच्या पाठीवरून हात फिरवला, एवढंच.

थंडीत भावाचा फोन आला. "ताई, मादी गेली गं."

"कशाने?"

"हॉटेलच्या फ्रेमची मोठी ऑर्डर होती, माल ठेवायला जागा हवी होती. म्हटलं, आता शांत झालीत, राहतील एकत्र..."

"फळ्या काढल्यास तू," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन तिने कधी घेतला नाही. म्हातारी वारली तेव्हा तिने दुसरं घर धरलं, मग तिसरं. भाऊ शोधत आला होता एकदा. तिने दारातूनच सांगितलं, "पेशंट झोपलाय."