पोट आत, हार्टमुट!

पूर्व जर्मनीतल्या नॉइश्ट्रेलित्झच्या पलीकडच्या तळ्यावर हार्टमुट प्रीव्हेची शिट्टी सकाळी साडेसहाला वाजायची. बेचाळीस उन्हाळे वाजली. शिट्टी ऐकली की कॅरव्हॅनमधून, तंबूंमधून माणसं डोळे चोळत बाहेर पडायची आणि गवतावर रांगेत उभी राहायची. सगळी उघडी, अंगावर सूत नाही. समोर हार्टमुट, तोही तसाच, फक्त गळ्यात शिट्टीची दोरी.

तो शाळेत व्यायामशिक्षक होता. साठी उलटली तरी अंग वळलेल्या दोरखंडासारखं होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. उघड्याने राहणाऱ्यांच्या त्या क्लबच्या नियमांच्या पहिल्याच कलमात लिहिलं होतं की इथे प्रत्येक शरीराचं स्वागत आहे. हार्टमुट ते कलम नव्या लोकांना वाचून दाखवायचा आणि वर आपली पुस्ती जोडायचा, "स्वागत आहेच. पण आधी स्वागत करण्यासारखं काहीतरी घेऊन या की!" लोक हसायचे. मग तो रांगेतून फिरायचा. कुणाचे खांदे मागे ओढायचा, कुणाच्या कमरेवर टिचकी मारायचा. बेकरीवाल्या एल्फ्रीडेपुढे तर दररोज थांबायचा.

"पोट आत, एल्फ्रीडे! काल किती केक विकलेस आणि किती खाल्लेस?"

एल्फ्रीडे लाल व्हायची, पोट आत घ्यायची आणि सगळ्यांबरोबर हसायची. हार्टमुटला वाटायचं, तिलाही यात मजा येते.

बर्लिनची भिंत पडली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून गाड्या भरभरून लोक आले. कपडे घालून, कॅमेरे घेऊन काठावर बसायचे आणि बघायचे. हार्टमुट संतापला. त्याने स्वतः टाइप करून नियम आणला: गवतावर आणि काठावर कपड्यांना मनाई, सबब कोणतीही असो. "ज्याला लपवायचंय त्याने कुंपणाबाहेर लपवावं," तो सभेत म्हणाला. सगळ्यांनी हात वर केले.

त्याच उन्हाळ्यात त्याची मुलगी डोर्टे आली. चोवीस वर्षांची होती, रोस्टॉकला ट्राम चालवायला शिकत होती. एप्रिलमध्ये तिला मूल झालं होतं, मेलेलं. नवरा पुढच्याच महिन्यात निघून गेला. आईने, इर्मट्राउटने, फोन करकरून तिला बोलावून घेतलं. म्हणाली, पाण्यात पडून राहा, कुणी काही विचारणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डोर्टे रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली. पोट अजून ओघळलेलंच होतं. हार्टमुट फिरत फिरत तिच्यापर्यंत आला. तिथून मागे वळला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

"पोट आत, डोर्टे! तीन महिने झाले आता."

रांग हसली. सगळ्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत होतं त्यांनाही सवयीने हसू आलं. डोर्टेने टॉवेल गुंडाळला, कॅरव्हॅनमध्ये गेली, पिशवी भरली आणि अकराच्या बसने निघून गेली. इर्मट्राउट त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, पण त्याबद्दल नाही. हार्टमुटच्या मते व्यायामासारखं दुःखावर औषध नव्हतं. त्याने औषध दिलं होतं, पोरीने ते थुंकलं, याला तो काय करणार?

पुढे सतरा वर्षं वाढदिवसाला फोन, नाताळला कार्ड. इर्मट्राउटच्या अंत्यविधीला डोर्टे आली आणि संध्याकाळी परत गेली.

हार्टमुट एकाहत्तराव्या वर्षी आजारी पडला. आतड्यात गाठ. डॉक्टरांनी गाठ काढली, आतड्याचा बराचसा भाग काढला आणि डाव्या बाजूला पोटाला भोक पाडून त्यावर मल गोळा करणारी पिशवी चिकटवली. ती आता मरेपर्यंत. नर्स पिशवी बदलायला शिकवायला आली तेव्हा हार्टमुटने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बघावं तर लागेल, प्रीव्हेसाहेब."

"मी नाही बघणार."

तेव्हा दारात उभी असलेली डोर्टे पुढे आली. बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "मला दाखवा." ती आता एकेचाळीस वर्षांची, चांगली रुंद, जाडजूड बाई झाली होती. तिने सगळं नीट शिकून घेतलं. एकाआड एक रविवारी ती रोस्टॉकहून यायची, पिशवी बदलायची, आठवड्याचं जेवण शिजवून ठेवायची. मधल्या दिवसांत नर्स येई. बापलेक फार बोलत नसत.

जूनमध्ये हार्टमुट म्हणाला, "मला तळ्यावर ने."

तिने नेलं. स्वतः कुंपणाबाहेरच्या बाकावर बसली. तो अंघोळीचा झगा घालून गवतावर गेला तशी माणसं उठून आली, हात हातात घेतले, पाठ थोपटली. मग क्लबचा अध्यक्ष झाबेल त्याला बाजूला घेऊन गेला. झाबेलला पोहायला हार्टमुटनेच शिकवलं होतं.

"हार्टमुट, वाईट वाटून घेऊ नकोस. पण झगा..."

"ऑपरेशन झालंय माझं."

"माहीत आहे रे. पण तुला सोडलं तर उद्या सगळे काही ना काही घालून येतील. मागच्या वर्षी मांडीवर भाजलेल्या त्या बाईला आपण बाहेर काढलं, आठवतं? तूच काढलंस. काढ ना झगा, इथे कोण बघतंय?"

हार्टमुटने झगा काढला. खरंच कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी इतक्या कसोशीने दुसरीकडे बघितलं की त्याला आपण तिथे नाहीच असं वाटलं. शिट्टी आता एका तरण्या बाईच्या गळ्यात होती. हार्टमुट रांगेत उभा राहिला, तेव्हा डावीकडच्या जोडप्याने आपल्या चटया दोन हात पलीकडे सरकवल्या. हात वर, हात खाली, इथवर जमलं. मग उठाबशा आल्या. तिसऱ्या उठाबशीला पिशवीतून आवाज झाला, लांब आणि ओला. पिशवी सगळ्यांच्या देखत फुगली.

रांगेत शांतता पसरली. आणि त्या शांततेत मागून एल्फ्रीडे म्हणाली, "पोट आत, हार्टमुट!"

आधी एक फिसकन हसला, मग सगळी रांग. शिट्टीवाल्या बाईने तोंडावर हात धरला. हार्टमुट मागे वळला. ऐंशीला आलेली एल्फ्रीडे हसत नव्हती.

"मी तीस वर्षं हसले," ती म्हणाली. "तू एकदा हस."

त्याला हसता आलं नाही. झगा उचलून तो कुंपणापर्यंत चालत गेला. डोर्टेने गाडीचं दार उघडलं, मागच्या सीटवर टॉवेल पसरून त्याला आडवं केलं आणि पिशवी बदलली. हात सराईत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं.

"ते हसले," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"तू काही बोलली नाहीस."

"मी काय बोलायला हवं होतं?"

त्याने झगा पोटावर ओढून घेतला. मग म्हणाला, "त्या वेळी मी तुझ्या भल्यासाठी बोललो होतो."

"माहीत आहे, पप्पा," डोर्टे म्हणाली. "चिडून बोलला असतास तर मी केव्हाच विसरले असते."

त्यानंतर तो तळ्यावर गेला नाही. शरद ऋतूत क्लबचं पत्र आलं. त्याला सन्माननीय सभासद केलं होतं, आणि कॅरव्हॅनची जागा वसंतात रिकामी करून द्यावी अशी विनंती होती. कॅरव्हॅन डोर्टेनेच विकली. हार्टमुट घरातल्या घरात, सदरा-पँट घालून, खुर्चीला धरून व्यायाम करू लागला. न्हाणीघरातला आरसा त्याने उतरवून ठेवला.

एका रविवारी जेवताना त्याने सहज विचारलं, "तू पोहतेस का गं अजून?"

"दर मंगळवारी. समुद्रावर. डेपोतल्या आम्ही सहा-सात बायका जातो."

"पोहायचा पोशाख घालून?"

"छे! उघड्यानेच. अकरा वर्षं झाली." बटाट्यावर मीठ टाकत ती पुढे म्हणाली, "एकीचा स्तन काढलाय. एक माझ्याहून जाडी आहे. पाण्यात पडतो, बडबड करतो, थंडी वाजली की बाहेर येतो."

"अकरा वर्षं? मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू बघायला आला असतास."

तिने दोन्ही ताटल्या उचलल्या, धुतल्या, पालथ्या घातल्या. सोमवारी पहाटेची ट्राम तिच्याकडे होती, म्हणून चारला निघायचं होतं. तिने जाकीट चढवलं. आपण एकदा नुसतं काठावर येऊन बसलो तर चालेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. तो तोंड उघडेपर्यंत ती जिना उतरायला लागली होती.