औशातली रासबेरी

माझ्या बायकोच्या मामांनी मला जितकं छळलं, तितकं आजवर कोणीही छळलेलं नाही; आणि हे मी तीन वरिष्ठ साहेब आणि एक दातांचा डॉक्टर जमेस धरून सांगतो आहे. मामांचं औशात कापडाचं दुकान. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, अंगात पांढरी बंडी, आणि आवाज असा, की ते दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगत तेव्हा स्टँडवरचा माणूस घासाघीस करायला लागे. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझी बायको हीच त्यांची लेक आणि मी जावई. जावयाला धोंड्याच्या महिन्यात वाण देतात, अशी आपल्याकडे पद्धत आहे. मामांनी मला बाराही महिने कामं दिली. त्यातच उस्मानाबादेतून सुटून लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी बदली नव्या कलेक्टर कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर झाली. तेव्हापासून जिल्हा मीच चालवतो, अशी मामांची खात्री होती. "आता जिल्हा घरचाच हाय," असं ते खण मोजता मोजता गिऱ्हाइकांना सांगत, आणि गिऱ्हाइकं मग आपापले सातबारे घेऊन माझ्याकडे येत.

पण मूळ दुखणं ते नव्हे. मूळ दुखणं महाबळेश्वरला सुरू झालं. औशाच्या व्यापाऱ्यांनी एकदा बस ठरवून सहल काढली आणि मामा मामींना घेऊन गेले. मामी म्हणजे फार कमी बोलणारं माणूस. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे लुगडंसुद्धा मागितलं नव्हतं. दुकानच कापडाचं, मागायचं काय, असं त्या म्हणत. तर त्या मामींनी तिथे बाजारात पानाच्या द्रोणातली रासबेरी खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "हे घरी असतं तर बरं झालं असतं." एवढंच. दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने आणखी एक द्रोण घेऊन दिला असता आणि विषय संपवला असता. मामा मात्र मुळापासून हलले. बायकोने काहीतरी मागितलं, तेही तीस वर्षांनी, आणि ते आपल्या दुकानात नाही, ही गोष्ट त्यांना सहन होईना. ते तडक एका मळ्यात गेले. तिथल्या माळ्याने त्यांना परोपरीने सांगितलं, की बाबा, या झुडपाला आंबट माती लागते, तुमच्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी असते, तिथे हे जगायचं नाही. मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि चार रोपं द्यायला सांगितली.

रोपांसोबत तिथली तांबडी माती एका ट्रंकेत भरून आणली. येताना साताऱ्यापर्यंत ती ट्रंक मामींच्या मांडीवर होती, कारण मामींच्या जागेवर रोपं होती. "लेक सासरी धाडताना माहेरचं कायतरी संगं द्यावं लागतंय," असं मामा म्हणाले. परसदारी कमरेएवढा खड्डा खणून ती माती भरली आणि चारही रोपं लावली. त्यातली तीन महिनाभरात गेली. चौथं राहिलं, आणि माझ्या मागे लागलं ते तेच.

माती आंबट ठेवायची हा मामांना ध्यास लागला. लागला म्हणजे असा, की भेटेल तिथली माती ते चिमूटभर जिभेवर ठेवून चाखू लागले. आमच्या घरी एकदा माझे साहेब चहाला आले असताना मामांनी दारातल्या तुळशीची माती चाखली आणि "खारट हाय, तुळस लई दिवस काढायची न्हाई," असं साहेबांना सांगितलं. साहेबांनी चहा अर्धा ठेवला. झुडपाला ताक घालून झालं, चिंचेचं पाणी घालून झालं, अंबाडीची भाजी उकळून तिचं पाणी घालून झालं. मग मामांना लिंबाच्या सालीचा शोध लागला. लातुरात रसवंत्या पुष्कळ. तिथली पिळलेली लिंबं गोळा करून दर शनिवारी औशाच्या गाडीत द्यायचं काम अर्थातच जिल्हा चालवणाऱ्याकडे आलं. सरकारी नोकर आठवड्यातून एकदा पिळलेल्या लिंबांचं पोतं घेऊन कचेरीत येतो, म्हटल्यावर लोक बोलणारच. माझ्या टेबलाशेजारचा कारकून महिनाभर माझ्या हातचं पाणी प्यायला नाही. त्याचं प्रमोशन अडलं होतं आणि करणी मीच केली, असा त्याचा पक्का समज झाला होता.

आणि हरभऱ्याची आंब. थंडीच्या दिवसांत पहाटे हरभऱ्याच्या झाडांवर धडपा पसरायचा, पानांवरचं आंबट दव त्यात टिपलं की तो पिळून बाटली भरायची, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पोटदुखीवर त्यासारखं औषध नाही. मामांनी दुकानातलं कोरं मांजरपाट फाडलं आणि मला थंडीत उठवून एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात नेलं. दोन तास वाकून वाकून माझी कंबर गेली, हातांची आग आग झाली, आणि बाटली भरली अर्धी. शेतकरी बांधावरून बघत होता. त्याने काळजीने विचारलं, "पोट कुणाचं दुखायलंय, मालक?"

"झाडाचं," मामा म्हणाले.

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि धडपा पिळत राहिलो.

पुढच्या वर्षी पाऊस आला तो दोनदाच. विहिरी आटल्या, औशाला चार दिवसांआड टँकर येऊ लागला, आणि तेही बोअरचं जड पाणी; घागरीच्या तळाला पांढरा थर धरायचं. ते पाणी झुडपाला विष आहे, असं मामांचं म्हणणं. म्हणून त्या दोन पावसांत त्यांनी पत्र्याच्या पन्हाळीखाली रांजण लावून ठेवले होते. दोन रांजण पावसाचं पाणी, वर फडकं, फडक्यावर झाकण, झाकणावर पाटा. रोज एक तांब्या झुडपाला, बाकी कोणी हात लावायचा नाही. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. मामी बिचाऱ्या तास तास चुलीपुढे बसत. एकदा त्यांनी वरणापुरतं तांब्याभर पाणी मागितलं तर मामा म्हणाले, "जरा आणखी जाळ घाला की." ज्या बाईसाठी हा सगळा उपद्व्याप चालला होता तिलाच हा माणूस दाताखाली कडकडणारं वरण खायला घालत होता, आणि हे त्याच्या ध्यानातही येत नव्हतं. मला खरोखर त्यांचा राग आला.

रांजण संपायची भीती म्हणून त्यांनी झुडपाच्या पाण्यासाठी कचेरीत अर्जही केला. टंचाईच्या छापील अर्जात 'लाभार्थींची संख्या' समोर 'एक' लिहिलं, 'वय' समोर 'दीड वर्ष' लिहिलं आणि खाली 'परिस्थिती नाजूक आहे' असा खुलासा केला. तो अर्ज आवक करायला माझ्याच टेबलावर आला. साहेबांना ते तान्हं मूल वाटलं आणि त्यांनी 'तातडीने कार्यवाही व्हावी' असा शेरा मारला. तो कागद दाबून टाकताना मला जो घाम फुटला, तो त्या वर्षीच्या उन्हाळ्याने फुटला नव्हता.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात झुडपाला बार आला. पांढरी फुलं आली, गळाली, आणि मागे नऊ हिरवी फळं राहिली. मामा सकाळ-संध्याकाळ ती मोजत. पिकायला पंधरा दिवस लागतील, असा त्यांचा हिशेब होता. मामी भांडी घासायला आता झुडपाजवळ बसत.

त्याच आठवड्यात शेजारच्या गुरुजींच्या मुलीचं लग्न होतं आणि आम्ही दोघं त्यासाठी औशाला गेलो होतो. सकाळी गुरुजी "जयभीम" करून आत आले. त्यांना मामींचं मोठं पातेलं हवं होतं. चेहरा उतरलेला. आचारी पहाटेपासून डाळ शिजवतो आहे, ती बोटचेपी होत नाही. एका पातेल्यात सोडा टाकून बघितला तर साबणाची चव आली. वऱ्हाड वाटेत आहे. मामांच्या रांजणाबद्दल सगळ्या औशाला माहीत होतं, गुरुजींनाही. पण त्यांनी पाणी मागितलं नाही. फक्त पातेलं मागितलं.

मामा झुडपाकडे बघत राहिले. एक रांजण केव्हाच संपला होता; दुसरा गळ्यापर्यंत भरलेला होता. मग ते म्हणाले, "पातेलं ऱ्हाऊ द्या, गुरुजी. दोन माणसं धाडा. रांजण जड हाय."

मामी पटकन म्हणाल्या, "अवो, पण झाड..."

"लेकीच्या लग्नात डाळ कच्ची ऱ्हायली तर लोक जलमभर उणं काढत्यात. झाड काय बोलत न्हाई."

मला राहवलं नाही. ज्या झुडपापायी मी दोन वर्षं बेजार झालो होतो, त्याची वकिली करायला मीच उभा राहिलो. म्हटलं, "मामा, एक घागर तरी मागे ठेवा."

"आन तिकडं अर्धी डाळ कच्ची काढू?" मामा म्हणाले. "कुणाला वाढायची ती, जावईबापू?" त्यांनी स्वतः उभं राहून, फडक्यातून गाळून, रांजण तळापर्यंत मोकळा केला.

डाळ तासाभरात शिजली. पंगतीत मामा माझ्या शेजारी बसले होते आणि वरणात बोट फिरवत होते. जेवत नव्हते. वाढायला मामी होत्या. त्यांनी मामांच्या भातावर आणखी एक पळी वरण घातलं आणि हळूच म्हणाल्या, "खावा की पोटभर. आपल्याच झाडाचं हाय." मामा खाली मान घालून जेवले.

झुडूप टँकरच्या पाण्यावर आठ दिवस राहिलं. पानं पिवळी पडली, नऊच्या नऊ फळं काळी होऊन सुकली. यानंतर मी मामांवर वैतागणं सोडलं, असं लिहायला बरं वाटलं असतं, पण ते खरं नाही. चांगला पाऊस होताच त्यांनी मला महाबळेश्वरला पिटाळलं आणि मी सगळ्या वाटेने चरफडत नवी रोपं आणली. तीही गेली. पुढच्या वर्षीची गेली. मामा गेले त्या वर्षीही खड्ड्यात एक रोप होतं.

मध्ये औशाला गेलो होतो. मामी आता थकल्या आहेत, पण चुलीपुढे बसतात. मी म्हटलं, "मामी, एवढं करून त्या झाडाची एक रासबेरी काही तुम्हाला मिळाली नाही."

मामी म्हणाल्या, "न्हाई आली तेच बरं झालं. आली असती तर ह्यांनी दुसऱ्या दिवशी इचारलं असतं, आता आणखी काय पायजे. आन मला काय पायजेच नव्हतं हो." मग डोळ्याला पदर लावून त्यांनी मला, चहा घेणार का, विचारलं.