राखेवर डाग नव्हता

दुसऱ्या महायुद्धातल्या शेवटच्या हिवाळ्यात आमची कंपनी इटलीत एका डोंगराच्या धारेवर होती. मी कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होतो. शिधा, पाणी, दारूगोळा, कांबळी, जे काही वर जायचं ते माझ्या हाताखालून जायचं. दरीत एका शेतकऱ्याचं दगडी घर होतं, तिथं आमचं ठाणं. वर धारेवर कंपनी. तिच्याही पुढं, शत्रूच्या बाजूला निघालेल्या सोंडेवर, मेंढपाळाच्या खोपीत आमची एक प्लाटून. ती खोप आमच्या हातात राहिली तर धार राहणार होती.

मी साखऱ्याचा. आता तो सेनगाव तालुका आहे. बी.ए. झालेला गावातला पहिला माणूस मीच. हैदराबादेत उर्दूतून शिकलो. माझ्याआधी आमच्या घरात कुणी सही केली नव्हती, सगळे अंगठेच. हे मी मिरवतो. तेव्हाही मिरवत होतो आणि पोरं त्यावरून माझी चेष्टाही करत. त्यात सगळ्यात पुढं असायचा नाईक किसन.

किसन माझ्याच गावचा. आमचे मळे बांधाला बांध लागून. चारचौघांत तो मला ‘हवालदारसाब’ म्हणायचा, दोघंच असलो की ‘दादा’. अंगानं बुटका, तोंडानं फटकळ. मला बी.ए. झाल्यावर सैन्यात भरती होताना बघून तो म्हणाला होता, ‘‘दादा, एवढं शिकून गोळीच खायची व्हती तर काहून शिकला? मी तर बिगरशिकताच खाऊन राहिलो असतो.’’

तिसरा माणूस ड्रायव्हर देवला राठोड. सैन्यात खेचरं हाकणाऱ्यालाही ड्रायव्हर म्हणतात. देवला कनेरगावाजवळच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. जनावराच्या पाठीवर ओझं कसं बसवायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याला येतच होतं. त्याच्या खेचराला फौजेनं नंबर दिला होता. देवला तिला हिरी म्हणायचा.

रोजचं काम ठरलेलं होतं. पहाटे धुकं असायचं. त्या धुक्यात खेचरं वर जायची, सामान टाकायची आणि ऊन पडायच्या आत खाली यायची. सोंडेच्या अलीकडं वाटेचा एक तुकडा अगदी उघडा होता, ना झाड ना दगड. समोरच्या टेकडीवरून जर्मनांना तो तळहातासारखा दिसायचा. धुकं असेपर्यंत तो आमचा, धुकं गेलं की त्यांचा.

त्या दिवशी दुपारी खालच्या वाटेवर तोफेचे गोळे पडले. माणूस कुणी गेला नाही, पण पाण्याच्या पत्र्याच्या टाक्यांची चाळण झाली. नव्या टाक्या यायला दोन दिवस लागणार होते. संध्याकाळी वायरलेसवर कंपनी कमांडर मेजरसाहेब आले.

‘‘फॉरवर्ड प्लाटून, वॉटर निल. फोर वुंडेड. कॅन यू सेंड? ओव्हर.’’

मी म्हणालो, ‘‘विल सेंड, सर. फर्स्ट लाइट. ओव्हर.’’

‘‘मस्ट रीच. आउट.’’

बर्फ पडलेलं असतं तर पोरांनी ते वितळवून प्यायलं असतं. पण आभाळ कोरडं होतं, वारा कोरडा होता. नुसती थंडी. लोखंडाला उघडा हात लावला की कातडी चिकटायची. त्या खोपीत चार जखमी पाण्यावाचून होते, आणि मी ‘पाठवतो’ म्हणून बसलो होतो. पाणी ओढ्यात भरपूर होतं. न्यायला भांडं नव्हतं.

देवलानं भांडं शोधलं. घरामागच्या पडवीत दोन लांबट लाकडी पिंपं पडली होती. द्राक्षं उतरवायच्या हंगामात तिकडचे शेतकरी ती गाढवाच्या दोन्ही अंगांना लटकवतात. हंगाम होऊन महिने गेले होते. लाकूड वाळून फळ्यांच्या मधे फटी पडलेल्या. पाणी ओतलं की पाझरून खाली.

घराची मालकीण म्हातारी एकटीच मागं राहिली होती. आम्ही पिंपं बाहेर काढताना ती आली. एका पिंपाच्या फटीवरून बोट फिरवलं, मान हलवली, मग हिरीच्या पोटावर थाप मारून काहीतरी बोलली. पुन्हा तेच बोलली. आमच्यात कुणालाच तिची भाषा येत नव्हती.

किसन म्हणाला, ‘‘माय, परत आनून देतो तुझी पिंपं. धुऊन देतो. भिऊ नको.’’

ती आत गेली. थोड्या वेळानं एक वाटीभर चरबी आणून दिली आणि चुलीपाशी जाऊन बसली.

आता जे किसननं केलं ते आमच्या भागातल्या शेतकऱ्याला नीट कळेल. विहिरीवर कातड्याची मोट चालायची त्या काळातली ही गोष्ट. मोटेचं पक्कं काम गावातले चर्मकार करत. पण भर थंडीत, गव्हाला पाणी देताना मोट गळायला लागली तर त्यांची वाट बघत बसता येत नसे. बैल जुंपलेले, पाटाचं पाणी चालू. मग ज्याचं त्यानं तात्पुरतं भागवायचं. चिंधी, चरबी आणि चुलीतली राख मळून ती फटीत ठासायची. संध्याकाळी मोटेत पाणी भरून ती टांगायची आणि खाली कोरड्या जमिनीवर राख पसरायची. सकाळी राखेवर थेंबाचा एकही डाग नसला तर मोट पास. साखऱ्यात ही परीक्षा सगळ्यांना ठाऊक होती. मी स्वतः लहानपणी ती राख कित्येकदा पाहिली आहे.

किसननं तेच केलं. रायफल साफ करायच्या कापडाच्या चिंध्या, म्हातारीची चरबी, चुलीतली राख. बेयोनेटच्या टोकानं एकेक फट ठासली. हात बधिर झाले की काखेत घालायचा, पुन्हा ठासायचा. देवला बाजूला हिरीचं खोगीर शिवत बसला होता.

‘‘नाईकसाब, तुमी लई नाजूक काम करून राहिले. लगीन करा आता.’’

‘‘तुझ्या हिरीलाच मागनी घालतो. मानसापरीस बरी हाय, निदान बोलत तरी न्हाई.’’

‘‘हिरीचा बाप मी. तुमच्यासारख्या ठेंगण्याला देनार न्हाई.’’

पिंपं भरली. पडवीच्या आढ्याला टांगली. खाली राख पसरली.

पहाटे आम्ही तिघांनी कंदील धरून बघितलं. राख कोरडी. एक डाग नव्हता. किसननं पिंपावर थाप मारली. ‘‘पास! हवालदारसाब, तुमी बीए पास, ही पिंपं किसन पास.’’

मीही वाकून बघितलं. मलाही ती पासच वाटली.

त्या थंडीत फटींतून झिरपलेलं पाणी तिथल्या तिथं गोठलं होतं. फट बर्फानं बुजली होती, चिंधीनं नाही. साखऱ्यात थंडी पडते, गव्हाच्या पात्यावर कधी दहिवर गोठतं, पण मोटेतलं पाणी कधी गोठत नाही. गोठलेलं पाणी गळती झाकतं, हे आमच्या मुलखातल्या माणसाला कुठून ठाऊक असणार?

हिरीवर दोन्ही अंगांना पिंपं चढवून आम्ही निघालो. पुढं किसन, मधे देवला आणि हिरी, मागं मी. धुकं दाट होतं. निम्मी चढण झाल्यावर देवला थांबला. त्यानं हिरीच्या बरगडीवर हात ठेवला, तो ओला झाला.

‘‘साब, जनावर थरथरून राहिलं. पानी हाय हे. घाम न्हाई.’’

पिंपाची जी बाजू जनावराच्या अंगाला टेकलेली होती, तिच्या फटी हिरीच्या उबेनं सुटल्या होत्या. पाणी आतल्या बाजूनं खोगिराच्या कांबळ्यात उतरत होतं, म्हणून वाटेवर थेंब दिसला नव्हता. पिंपं उतरवली. दोन्हींत निम्मंच पाणी उरलं होतं.

किसननं टोपी काढून पुन्हा घातली. म्हातारीनं हिरीच्या पोटावर मारलेली थाप मला तेव्हा आठवली. तिला हेच सांगायचं होतं की दुसरं काही, ते मला आजही माहीत नाही.

मग किसन म्हणाला, ‘‘एकाच पिंपात ओता.’’

बऱ्या पिंपात सगळं पाणी एकत्र केलं. ते जवळजवळ भरलं. त्यानं गळ्यातला मफलर पाण्यात बुडवला आणि गळक्या बाजूवर करकचून आवळला.

‘‘आता गोठू द्या. थंडीनं झाकलं व्हतं ना, तिलाच बुजवू द्या. जनावरावर न्हाई न्यायचं. कावडीवर न्यायचं, अंगाला न लावता.’’

‘‘किती वेळ लागेल?’’ मी विचारलं.

‘‘लागंल तेवढा.’’

आम्ही थांबलो. तो मफलर गोठेपर्यंत थांबणं हे सगळ्यात जड काम होतं. वर आभाळ पांढरं होऊ लागलं. धुकं विरळ होत होतं, हे तिघांनाही दिसत होतं. देवलानं जखमींच्या झोळीसाठी तंबूचा एक दांडा आणला होता. पिंप त्याला मधोमध बांधलं. किसननं मफलरवर टिचकी मारली. लाकडासारखा आवाज आला.

‘‘चला.’’

‘‘पुढचं टोक मी घेतो,’’ मी म्हणालो.

‘‘चढावर उंच मानूस मागं पाहिजे, दादा. न्हाईतर पिंप घसरत माझ्या छातीवर यील. येवढं बी शिकवलं न्हाई व्हय कालेजात?’’

हिशोब बरोबर होता. चढावर उंच माणूस मागं असला की दांडी सपाट राहते. मी त्याच्याहून वीतभर उंच. मी मागं गेलो. देवला हिरीला घेऊन थोडं अंतर ठेवून येत होता, जखमींना खाली आणायला.

उघड्या तुकड्यावर आलो तेव्हा धुकं अर्धं उरलं होतं. पळता येत नव्हतं. पळालो असतो तर पिंप हिंदकळलं असतं आणि मफलर सुटला असता. एका चालीनं चालत राहिलो. किसन हळू आवाजात पावलं म्हणत होता, ‘‘लेफ्ट... लेफ्ट...’’ ड्रिलच्या मैदानासारखं. तुकडा संपायला थोडंच राहिलं होतं, तेव्हा समोरच्या टेकडीवरून मशिनगन सुरू झाली.

गोळ्यांची पहिली सर वरून गेली. दुसरी लागली.

किसन पडला नाही. तो आधी गुडघ्यांवर आला. दांडी खांद्यावरून दोन्ही हातांत घेतली आणि पिंप सावकाश जमिनीला टेकवलं. मग आडवा झाला. मी त्याच्यापर्यंत सरपटत गेलो. पोटातून रक्त येत होतं.

‘‘सांडलं का?’’ त्यानं विचारलं.

मी बघितलं. मफलर जागच्या जागी होता. पिंपाखालची जमीन कोरडी होती.

‘‘न्हाई.’’

‘‘मग ने की.’’

त्याला उचलायला मी हात घातला. त्यानं माझा हात ढकलला. ‘‘ने म्हनलं ना, दादा. परत ये.’’

देवला कधी आला ते मला कळलं नाही. हिरीला त्यानं मागं खडकाआड सोडलं होतं. त्यानं दांडीचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. धुक्याचा एक लोट मधे आला, मशिनगन थांबली आणि आम्ही चालू लागलो. ‘‘लेफ्ट’’ म्हणायला कुणी नव्हतं.

पाणी खोपीत पोचलं. प्लाटून कमांडर जमादारसाहेबांनी पिंप आत घेतलं आणि वायरलेसवर सांगितलं, ‘‘वॉटर रिसीव्ह्ड. ओव्हर.’’ मग माझ्याकडं बघून, ‘‘वन कॅज्युअल्टी. ओव्हर.’’ खोपीत शेकोटी होती. तिच्या उबेनं मफलर सुटला आणि पिंप टपटप गळायला लागलं. एकानं खाली जेवणाचा मेस टिन धरला. जखमींना त्यातूनच पाजलं; उजाडलं होतं, म्हणून त्यांना रात्री खाली न्यायचं ठरलं. तो टपटप आवाज माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही. घरात कुठं नळ गळत असला की मी उठून आधी तो बंद करतो. मुलांना वाटतं, म्हाताऱ्याला पाण्याची फार काळजी.

मी सरपटत परत गेलो तेव्हा किसन गेलेला होता. अंगावरचं रक्तही गोठलं होतं. त्याला हिरीवर घालून आम्ही खाली आणलं. तिच्या उबेनं वाटेत त्याचा कोट ओला झाला. देवला सगळी वाट एक हात त्याच्या पाठीवर ठेवून चालला. म्हातारीनं दुसरं पिंप, जे परत आलं होतं, ते आत नेलं नाही. ते तिनं किसनला पुरलं त्या खड्ड्याजवळ उभं करून ठेवलं.

युद्ध संपल्यावर मी साखऱ्याला आलो. किसनच्या वडिलांना, कोंडीकाकांना, सरकारी कागद आधीच पोचला होता. मी जाऊन त्यांच्या ओट्यावर बसलो.

‘‘तवा काय करून राहिलं व्हतं माझं पोरगं?’’

‘‘पाणी नेत होता काका. तहानलेल्या जखमी माणसांना.’’

‘‘पोचलं का?’’

‘‘पोचलं.’’

‘‘मंग बराबर,’’ ते म्हणाले आणि उठून बैलांकडं गेले.

त्या हिवाळ्यात काकांची मोट गळत होती. संध्याकाळी त्यांनी स्वतःच चिंधी आणि चरबी ठासली, मोट भरून टांगली, खाली राख पसरली. मला म्हणाले, ‘‘सकाळच्याला येऊन बघून जाय. मला आता नीट दिसत न्हाई.’’

सकाळी गेलो. गव्हावर दहिवर पडलं होतं. राख कोरडी होती. एक डाग नव्हता.

‘‘काय म्हनती राख?’’ काकांनी विचारलं. ‘‘पास हाय न्हवं?’’

साखऱ्यात पाणी गोठत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून ‘पास’ निघालं नाही. मी मोटेच्या ठासलेल्या फटीला हात लावला, ऊब लागावी म्हणून तो तसाच ठेवला आणि ऊन त्या फटीवर येईपर्यंत थांबलो. काका शेजारी बसून राहिले. त्यांनी एकदाही घाई केली नाही.

ऊन आलं. राखेवर काही पडलं नाही.

‘‘पास,’’ मी म्हणालो.

नाईक किसन, साखरा. त्याचं पाणी सांडलं नाही.